दुखणे अंगावर काढू नका
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



अशा समारंभात शिक्षणाचे महत्त्व, मुलींचे शिक्षण, स्पर्धा परीक्षा या विषयांवर बोलण्याची आपली रीत आहे. ते विषय मोठेच आहेत आणि त्यांवर बोलणारी माणसेही माझ्यापेक्षा मोठी आहेत. मला मात्र आज एका साध्या, रोजच्या गोष्टीबद्दल आपल्याशी बोलायचे आहे. खेळताना, सायकलवरून पडताना, मोंढ्यात मिरचीची पोती उचलताना सांध्याला मार बसतो. घरचे म्हणतात, "मुरगळले असेल, दोन दिवसांत बरे होईल." बहुतेक वेळा ते खरोखरच बरे होते. पण जेव्हा बरे होत नाही, तेव्हा काय करायचे हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते. मग एका मुरगळीपायी एखाद्या मुलाचे वर्ष वाया जाते, एखाद्याची पोलीस भरती हुकते, एखाद्या मुलीचा हात आयुष्यभर वाकडा राहतो. शाळेचे काम फक्त पुस्तकापुरते नाही असे आपण मानत असू, तर हा विषयही शाळेचाच आहे.

सर्वप्रथम सांधा म्हणजे काय ते समजून घेऊ. दोन हाडे जिथे भेटतात तो सांधा. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे चिवट पट्टे असतात, त्यांना अस्थिबंध किंवा डॉक्टरी भाषेत लिगामेंट म्हणतात. गुडघ्यात याखेरीज दोन लहान गाद्या असतात. या सगळ्यांवरून स्नायूंच्या दोऱ्या जातात. आता साधा एक्स-रे काढला की त्यात काय दिसते? हाड दिसते. अस्थिबंध दिसत नाही, गादी दिसत नाही, कूर्चा दिसत नाही. १८९५ साली जर्मनीत रोंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि वैद्यकशास्त्राला नवी दृष्टी मिळाली हे खरे, पण त्या दृष्टीलाही मर्यादा आहेत. म्हणून "एक्स-रे साफ आहे" याचा अर्थ "काहीच झालेले नाही" असा होत नाही. हे एकच वाक्य आपण आज घरी नेले तरी माझे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.

माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात शाळेतून परतताना माझी सायकल घसरली आणि मी उजव्या हातावर पडलो. मनगट सुजले. जवळच्या एका दवाखान्यात गेलो, तिथे एक्स-रे निघाला आणि सांगण्यात आले की हाड शाबूत आहे, मुरगळ आहे, पट्टी बांधा आणि गोळ्या घ्या. सूज उतरली, दुखणे उतरले नाही. खडू धरून फळ्यावर चार ओळी लिहिल्या की अंगठ्याच्या मुळाशी कळ निघायची. पाण्याची बादली उचलता येईना, डब्याचे झाकण फिरवता येईना. दुसऱ्या एका ठिकाणी इंजेक्शन मिळाले, पंधरा दिवस बरे वाटले, पुन्हा तेच. नातलगांनी एका जाणत्या माणसाकडे नेले, त्याने तेल लावून हात ओढला, त्या रात्री झोप लागली नाही.

पण मित्रांनो, त्या अकरा महिन्यांत हातापेक्षा जास्त दुखले ते लोकांच्या बोलण्याने. एक्स-रे साफ आहे म्हटल्यावर मग दुखते कसे? "सरांना लिहायचा कंटाळा आला." "वय झाले." "मनाचे दुखणे आहे." तोंडावर कोणी बोलत नसे, पण कानावर यायचे. हाताला प्लॅस्टर असले की सगळे जग दार उघडून देते. प्लॅस्टर नसलेल्या दुखण्याला कोणी खुर्चीसुद्धा देत नाही. हळूहळू माणसाला स्वतःवरच संशय येऊ लागतो, की खरेच आपण नाटक तर करीत नाही ना?

अखेर एका अस्थिरोगतज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी जुने कागद बाजूला ठेवले आणि पहिला प्रश्न विचारला, "पडलात कसे? तळहात उघडा होता की मूठ होती?" अकरा महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मग त्यांनी मला अंगठा ताठ करायला लावला. अंगठा ताठ केला की मनगटाच्या बाजूला एक खळगा पडतो. तपकीर ओढणारी जुनी माणसे त्यातच तपकीर ठेवीत. त्या खळग्यात त्यांनी बोटाने दाबले आणि मी ओरडलो. पुन्हा एक्स-रे निघाला, पण या वेळी हात वेगळ्या कोनात ठेवून. त्यात स्पष्ट दिसले की मनगटातील एका लहान हाडाचे दोन तुकडे झाले आहेत आणि ते जुळलेले नाहीत. पुढे कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे बसवला, स्क्रू घातला, कित्येक आठवडे हात प्लॅस्टरमध्ये राहिला आणि नंतर अनेक महिने व्यायाम करावा लागला. आज मी फळ्यावर लिहितो. मनगट मागे पूर्वीइतके वळत नाही, पण हात कामाचा आहे. निदान ऐकले तेव्हा शस्त्रक्रियेची भीती वाटायला हवी होती, पण खरे सांगतो, माझ्या डोळ्यांत समाधानाचे पाणी आले. दुखण्याला नाव मिळाले होते.

हे जे लहान हाड आहे त्याला स्कॅफॉइड म्हणतात. काजूएवढे हाड, पण उघड्या तळहातावर पडणाऱ्या तरुण माणसाच्या मनगटात बहुधा हेच मोडते. त्याच्या दोन खोडी आहेत. एक म्हणजे ताजा मोड पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून जाणकार डॉक्टर खळग्यात दुखत असेल तर एक्स-रे साफ असूनही हात बांधून ठेवतात आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा तपासतात, किंवा सोय असेल तर एम.आर.आय. काढतात. दुसरी खोड म्हणजे या हाडाला रक्ताचा पुरवठा मुख्यतः बोटांकडच्या टोकाकडून होतो. मधोमध मोडले की मनगटाकडच्या तुकड्याचे रक्त तुटते आणि तो तुकडा जुळत नाही, कधी कधी वाळून जातो. वेळेवर ओळखले तर बहुधा प्लॅस्टरने काम भागते. उशीर झाला तर शस्त्रक्रिया. आणि फारच उशीर झाला तर सांधा झिजतो. सुरुवातीच्या दोन आठवड्यांची सावधगिरी आणि पुढची कित्येक वर्षे, असा हा हिशेब आहे.

आता गुडघ्याकडे वळू, कारण आपली मुले कबड्डी, खो-खो, क्रिकेट, फुटबॉल खेळतात. धावता धावता पाय रोवला गेला आणि शरीर वळले की गुडघ्यातील एक महत्त्वाचा अस्थिबंध तुटू शकतो. मुलगा सांगतो, "कट्ट असा आवाज आला." दोन-चार तासांतच गुडघा फुगतो, कारण आत रक्त साचते. पंधरा-वीस दिवसांनी सूज ओसरते, मुलगा चालायला लागतो, घरच्यांना वाटते संपले. पण जिना उतरताना, वळताना गुडघा सटकतो. साध्या एक्स-रेत बहुधा काही दिसत नाही. पुन्हा खेळायला गेला की पुन्हा सटकतो आणि दर वेळी आतली गादी थोडी थोडी फाटत जाते. हा अस्थिबंध तपासायला नेहमी मोठे यंत्र लागतेच असे नाही. डॉक्टर गुडघा किंचित वाकवून एका हाताने मांडी धरतात आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहतात. अनुभवी हाताला दोन मिनिटांत कळते. एम.आर.आय.ने त्याची खातरजमा होते आणि गादीची स्थितीही समजते.

या दुखापतीने खचून जाऊ नये यासाठी आपल्या मराठवाड्याचेच उदाहरण देतो. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा शेतकऱ्याचा मुलगा अविनाश साबळे. लष्करात गेला, अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीत त्याने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवले आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी तो पडला. त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध आणि गादी या दोहोंना इजा झाल्याचे निष्पन्न झाले आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा त्याला सोडावी लागली. देशाचा इतका मोठा धावपटू, पण कोणी त्याला म्हणाले नाही की "तेल लाव आणि पळ." तपासणी झाली, निदान झाले, मुंबईत शस्त्रक्रिया झाली. आता आपण विचार करावा. मांडव्याच्या मुलाच्या गुडघ्याला जी किंमत मिळाली, ती आपल्या धर्माबादच्या कबड्डी खेळणाऱ्या मुलाच्या गुडघ्याला का मिळू नये? त्याच्या गळ्यात पदक नसेल, पण त्या गुडघ्यावर उद्या त्याच्या आईबापांचे घर उभे राहणार आहे.

इथे हाडवैद्यांचा, आपल्या बोलीत पहिलवानांचा, विषय टाळता येणार नाही. हैदराबादेपासून आपल्यापर्यंत तालमीतील उस्ताद हाडे बसवीत आले. दवाखाने नव्हते तेव्हा याच लोकांनी गोरगरिबांना आधार दिला. १९४८ पूर्वी आपला भाग निजामाच्या राज्यात असताना मोठ्या इलाजासाठी हैदराबादचे उस्मानिया इस्पितळ गाठावे लागे, आणि तिथवर जाणे किती जणांना परवडत होते? म्हणून त्या लोकांची थट्टा करणे मला पटत नाही. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथे एव्हन थॉमस नावाचा असाच पिढीजात हाडवैद्य होता. त्याने आपल्या पाचही मुलांना रीतसर डॉक्टरीचे शिक्षण दिले. त्यांतला ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) हा आधुनिक अस्थिचिकित्सेच्या संस्थापकांत गणला जातो. त्याच्या नावाची मांडीच्या हाडासाठीची पट्टी पहिल्या महायुद्धात असंख्य सैनिकांचे प्राण वाचवून गेली. म्हणजे घराण्याचे कसब वाया गेले नाही. त्याला शिक्षणाची जोड मिळाली.

आपल्याच परंपरेकडे पाहा. अंदलुसमध्ये कुर्तुबाजवळ राहणारे अबुल कासिम अल-जहरावी हे सुमारे १०१३ साली निवर्तले. त्यांच्या 'अत्-तसरीफ' या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे, त्यात हत्यारांची चित्रे आहेत आणि मोडलेली हाडे व निखळलेले सांधे यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. पुढे त्याचा लॅटिन अनुवाद झाला आणि युरोपातील वैद्य तो शतकानुशतके अभ्यासत राहिले. त्या भागाच्या आरंभीच ते बजावतात की शरीररचनेचे ज्ञान नसताना शस्त्रक्रियेला हात घालणारा माणूस रोग्याच्या जिवावर उठतो. हजार वर्षांपूर्वीचा हा इशारा आहे. तेव्हा शिकलेल्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे परंपरा सोडणे, असे कोणी म्हणत असेल तर त्याला ती परंपराच माहीत नाही.

धोका कशात आहे तेही सांगतो. मोडलेल्या हातावर कामट्या लावून, अंडी आणि उडदाच्या पिठाचा लेप देऊन घट्ट पट्टी बांधतात. आत सूज वाढत असते, बाहेरची पट्टी मात्र ढिली होत नाही. मग रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांतच स्नायू मरू लागतात. मुलाची बोटे वाकडी होतात आणि तशीच राहतात. जर्मनीच्या फोकमान यांनी १८८१ साली या विकाराचे वर्णन केले, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. कोपराजवळ हाड मोडलेल्या लहान मुलांत हा धोका सर्वांत जास्त असतो. हे लक्षात ठेवा, की असा अपघात दवाखान्यातील प्लॅस्टरखालीही होऊ शकतो. बोटे थंड पडली, निळसर किंवा पांढरी झाली, मुंग्या आल्या, बोटे सरळ करताना जीवघेणी कळ आली, तर सकाळची वाट पाहू नका. पट्टी कोणीही बांधलेली असो, त्याच रात्री ती सोडवून घ्या.

लहान मुलांबद्दल आणखी दोन गोष्टी. मुलांच्या हाडांच्या टोकाशी वाढीची पट्टी असते. तिला इजा झाली आणि ती ओळखली गेली नाही, तर हात किंवा पाय आखूड राहू शकतो अथवा वाकडा वाढू शकतो. आणि दुसरी गोष्ट अशी, की मूल गुडघा धरून रडते तेव्हा दोष गुडघ्यातच असेल असे नाही. खुब्याच्या सांध्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात जाणवते. गुडघ्याचे एक्स-रे निघत राहतात, ते साफ येत राहतात आणि खुबा बिघडत जातो. मूल लंगडत असेल तर खुबाही तपासा, असे पालकांनी स्वतः डॉक्टरांना म्हणावे. त्यात संकोच नको. सांधा महिनोन् महिने सुजलेला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन घटत असेल, तर ती मुरगळ नव्हे. हाडाच्या क्षयाचीही तपासणी करून घ्यावी. तो औषधांनी बरा होतो, मात्र पूर्ण मुदत औषध घ्यावे लागते.

आता माझ्या भगिनींसाठी आणि विशेषतः अम्मी-अब्बांसाठी एक शब्द. मुलगा मैदानावर पडला की सगळे गाव पाहते. मुलगी अंगणात, जिन्यात, विहिरीवर पडते तेव्हा ती गोष्ट घरातच राहते. "बोलू नकोस, उद्या लोक लंगडी म्हणतील, रिश्ता येणार नाही" असे सांगून दुखणे झाकले जाते. झाकल्याने सांधा सुधारत नाही. ज्या भीतीपोटी झाकतो, तीच गोष्ट झाकल्यामुळे खरी होते. मुलीचा हात तिच्या वहीसाठी, तिच्या पदवीसाठी, तिच्या स्वतःच्या कमाईसाठी तितकाच लागतो. महिला डॉक्टर हवी असेल तर तशी विचारणा करा, सोबत आई जाऊ द्या, पण तिला घेऊन जा.

आता प्रत्यक्ष काय करावे?

मार बसल्याबरोबर खेळ थांबवा. सांधा हलू न देता आधार द्या, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ ठेवा, हात-पाय उंचावर ठेवा. पहिले दोन दिवस शेक नको, चोळणे नको, ओढणे तर मुळीच नको. सांध्याचा आकार बदलला असेल, जखमेतून हाड दिसत असेल, बोटे बधिर असतील, किंवा दुखऱ्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील, तर थेट दवाखाना. गंभीर अपघातात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मागवता येते.

साधी मुरगळ वाटली तरी दिवस मोजा. दहा-चौदा दिवसांत दुखणे स्पष्टपणे उतरणीला लागले नाही, तर पुन्हा दाखवा. त्याच डॉक्टरांना जाऊन नम्रपणे सांगा, "साहेब, अजून दुखते, पुन्हा तपासावे लागेल का?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. महिनाभरात उलगडा झाला नाही तर अस्थिरोगतज्ज्ञाचे दुसरे मत घ्या. दुसरे मत घेणे हा पहिल्या डॉक्टरचा अपमान नव्हे.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर पाच गोष्टी लिहून न्या: कधी आणि कसे पडलो, नेमके एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा, कोणत्या हालचालीने दुखते, रात्री दुखते का, आतापर्यंत काय इलाज झाले. आपली माणसे डॉक्टरसमोर गेली की "सगळेच दुखते" एवढेच सांगतात. डॉक्टरकडे वेळ कमी असतो, बाहेर रांग असते. नीट सांगितलेले दुखणे अर्धे ओळखल्यासारखे असते. विद्यार्थ्यांनो, हे काम तुमचे. घरातील वडीलधाऱ्यांना लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहून द्या. शिक्षणाचा पहिला उपयोग घरातच व्हायला हवा.

सगळे एक्स-रे, चिठ्ठ्या, पावत्या तारखेप्रमाणे एका पिशवीत ठेवा. आपल्या उपचारांचे कागद मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत ते द्यावे लागतात. कायद्याचा आधारही आहे. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यास नेले. तिथे भूल न देता जोर लावून पाय ओढल्याने त्याचा मृत्यू ओढवला, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. त्या खटल्यात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रोगी स्वीकारायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना आणि तो उपचार देताना, अशा तिन्ही वेळी डॉक्टरने योग्य ती काळजी घेतली पाहिजे. पुढे १९९५ साली त्याच न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. मात्र हेही ध्यानात असू द्या, की प्रत्येक चुकलेले निदान हा निष्काळजीपणा नसतो. काही मोड खरोखरच लपून बसतात. आपले पहिले काम भांडण नव्हे, बरे होणे हे आहे.

पैशांचे काय, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात आला असेल. आपण सरहद्दीवरची माणसे. बासर ओलांडले की निजामाबाद, आणि मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर हैदराबादही आपल्या सवयीचे. पण नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ साली सुरू झाले आहे आणि तिथे अस्थिरोग विभाग आहे, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. आधी तिथे दाखवा. राज्य सरकारची जीवनदायी योजना २०१२ साली सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होता. आता ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. प्रत्येक शस्त्रक्रिया तिच्यात बसते असे नाही आणि प्रत्येक रुग्णालय यादीत असते असेही नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. एक अडचण मात्र आपल्या घरात नेहमी असते: एका कागदावर नाव 'शेख', दुसऱ्यावर 'शेक', तिसऱ्यावर वडिलांचेच नाव वेगळे. ही दुरुस्ती आजारपणात होत नाही, ती आजच करून ठेवा. याखेरीज धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. शेत किंवा दागिने गहाण टाकण्यापूर्वी हे दरवाजे ठोठवा.

आणि निदान झाल्यावर? त्यानंतरचा काळच खरी कसोटी पाहतो. प्लॅस्टर निघाले म्हणजे इलाज संपला, असे आपण समजतो. वास्तविक तिथून निम्मा इलाज सुरू होतो. स्नायू वाळलेले असतात, सांधा आखडलेला असतो. फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम रोज करावा लागतो, दुखले तरी आणि कंटाळा आला तरी. गुडघ्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने किंवा अधिक लागतात. घाई केली की पुन्हा तुटते. जमिनीवर मांडी घालणे, नमाजात गुडघे मोडून बसणे काही दिवस जमणार नाही. खुर्चीवर बसण्यात कमीपणा नाही. वेदनाशामक गोळ्या डॉक्टर सांगतील तेवढ्याच आणि तेवढेच दिवस. दुकानातून मनाने घेतलेल्या गोळ्या पोट आणि मूत्रपिंड बिघडवतात. "सांधेदुखीवर रामबाण" म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांपासून तर लांबच राहा.

सचिन तेंडुलकरचे उदाहरण मुलांना ठाऊक असावे. ऑगस्ट २००४ मध्ये त्याच्या डाव्या कोपराचे दुखणे सुरू झाले. विश्रांती झाली, इतर उपाय झाले, अधूनमधून तो खेळलाही. अखेर मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली. पुन्हा बॅट धरण्यासाठी त्याने कित्येक महिने घालवले. ऑक्टोबर २००५ मध्ये आपल्याच नागपुरात तो श्रीलंकेविरुद्ध परतला आणि त्याने ९३ धावा काढल्या. डिसेंबरमध्ये दिल्लीला पस्तिसावे कसोटी शतक काढून सुनील गावसकरांचा विक्रम मागे टाकला. जगातील उत्तमोत्तम डॉक्टर हाताशी असताना त्याला एवढा काळ लागला, तर आपल्या मुलाने तीन आठवड्यांत पळावे अशी अपेक्षा कशाला?

विद्यार्थ्यांनो, आजारपणाचे दिवस वाया जाऊ देऊ नका. उजवा हात बांधला असेल तर डाव्या हाताने पान उलटता येते, ऐकून पाठ करता येते, मित्राकडून टिपणे घेता येतात. परीक्षेच्या तोंडावर हात मोडला तर मुख्याध्यापकांना लगेच कळवा. लेखनिक मिळण्यासाठी अर्ज करता येतो. आणि शिक्षक बंधूंनो, एखादा मुलगा कवायतीतून पुन्हा पुन्हा सुटी मागत असेल तर त्याला कामचुकार ठरवण्यापूर्वी एकदा विचारा, "कुठे दुखते? केव्हापासून?" कदाचित तोपर्यंत हा प्रश्न त्याला कोणीच विचारलेला नसेल.

पालकहो, आपली लेकरे ही आपली खरी मालमत्ता आहे असे आपण म्हणतो. मालाच्या गाडीचे चाक थोडे कुरकुरले तरी आपण ती लगेच मिस्त्रीकडे नेतो. मुलाने "दुखते" म्हटले की मात्र "मर्द हो" म्हणतो. सहनशीलता हा मोठा गुण आहे, यात शंका नाही. पण सहन करायचे ते इलाज चालू असताना, इलाजाऐवजी नव्हे. दुखणे म्हणजे शरीराने पाठवलेली चिठ्ठी आहे. ती वाचा, वाचता आली नाही तर जाणत्याकडून वाचून घ्या, आणि एकाला वाचता आली नाही तर दुसऱ्याकडे न्या. पण ती फाडून टाकू नका.

 आपल्या मुलामुलींचे हातपाय बळकट राहोत आणि त्यांच्या बळावर या गावाचे नाव मोठे होवो, एवढी सदिच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.